तीन-आठ आणि आजोळची चौकट

जळगाव,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. नाना,

नमस्कार. आधी तुमची खुशाली विचारतो, कारण इकडची खुशाली तिच्यावर अवलंबून आहे. गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं का? साखर किती आहे? देवपुरातून नदीपर्यंतचं सकाळचं फिरणं तुम्ही पुन्हा सुरू केलं, असं मामींनी आईला सांगितलं. (म्हणजे मामींचं आणि आईचं बोलणं चालू आहे. हे तुम्हाला माहीत नसेल तर मागचं वाक्य वाचलं नाही असं समजावं.) पत्र लिहितो आहे, कारण फोन तुम्ही उचलत नाही. मी सात वेळा केला. आठव्या वेळी उचललात आणि राँग नंबर म्हणालात. नाना, चौतीस वर्षं वर्गात गणित शिकवलेला आवाज आहे तो. तो लपत नाही.

दिपमालाचं लग्न तीस तारखेला, रविवारी आहे. पत्रिका तुमच्यापर्यंत पोहोचली आणि तीत तुमचं नाव नाही. तुम्ही आईला एवढंच म्हणालात, ‘मंजुळा, ज्या पत्रिकेत मी नाही त्या मांडवात माझं काय काम?’ आणि फोन ठेवलात. आईने त्यानंतर तुमच्याबद्दल कोणाला एक शब्द सांगितलेला नाही. ती कामं करते. काल तिने एकच पातेलं दोनदा घासलं. आपल्याकडे नवरीला अंतरपाटापर्यंत मामा आणतो. दिपमाला म्हणाली, मी रोज एकटी ऑफिसला जाते, चार पावलं मांडवात जाईन की एकटी. असं म्हणून ती गच्चीवर गेली आणि तासभर खाली आली नाही. तुमच्याशिवाय हे लग्न लागेल, नाना, पण ते कसं लागेल हे मला आत्ताच दिसतं आहे, आणि म्हणून हे पत्र.

तुमचं नाव कोणी काढलं नाही. ते पडलं. ते माझ्या हातून पडलं. कसं पडलं हे समजावं म्हणून मला तुम्हाला संगणकाच्या एका भाषेबद्दल, तिच्या जुन्या आवृत्त्यांबद्दल आणि त्या कधी सोडायच्या याबद्दल सांगावं लागेल. हे ऐकायला बहाण्यासारखं वाटेल. मलाही वाटलं. पण एवढा लांबचा बहाणा कोणी रचत नाही.

तुम्हाला आठवत असेल, कॉलेजात असताना मी ‘उतारा’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. (तुम्ही विचारलं होतं, यातून नोकरी लागेल का? मी हो म्हणालो होतो. लागली नाही, पण प्रोग्रॅम अजून चालू आहे.) पूर्वीच्या संगणकांवरचं मराठी खरं मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. त्या संगणकावर ‘जळगाव’ दिसे, तीच फाईल दुसरीकडे उघडली की उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी दिसे. आजच्या मोबाईलमधलं मराठी वेगळं. ‘उतारा’ या दोहोंमधला दुभाषा आहे. जुन्यातलं नव्यात आणतो, नव्यातलं जुन्यात नेतो. छापखाने, दोन साप्ताहिकं, एक सहकारी पतपेढी असे चाळीसेक लोक तो वापरतात. फुकट आहे. मी आणि धनसिंग, आम्ही दोघं दर रविवारी त्याची डागडुजी करतो. धनसिंग म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, जो तुमच्याकडे एकदा जेवायला आला होता आणि ज्याच्यासाठी मामींनी दुसऱ्यांदा कणीक मळली होती.

हा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला आहे तिचं नाव पायथन. ती मराठीसारखी आपली आपण बदलत नाही. तिचे बनवणारे दर ऑक्टोबरात तिची नवी आवृत्ती काढतात आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षं सांभाळतात. मग सोडून देतात. सोडून देतात म्हणजे ती चालायची थांबत नाही. ती चालते, पण तिच्यात काही बिघडलं तर आता कोणी उठत नाही. आवृत्त्यांना आकडे असतात. तीन-आठ, तीन-नऊ, आणि त्यानंतर तीन-दहा. (गणिताचा माणूस म्हणून तुम्ही इथे थांबणार, कारण दशांश चिन्हानंतर दहा लिहिलं तर ते नवापेक्षा लहान. मीही थांबलो होतो. ते दशांश चिन्ह नाही, नुसता ठिपका आहे. यावर वाद घालून उपयोग नाही, मी घालून पाहिला आहे.) तीन-आठला तिच्या बनवणाऱ्यांनी मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात सोडलं.

आता प्रश्न असा, की आपल्या प्रोग्रॅमने किती मागच्या आवृत्त्यांवर चालायचं? सगळ्यांवर चालायचं म्हटलं तर नव्या सोयी वापरता येत नाहीत, कारण त्या जुनीला कळत नाहीत. एकच काम दोन पद्धतींनी लिहावं लागतं. एक दुरुस्ती केली की ती सहा ठिकाणी तपासावी लागते. एक रविवार असाच जातो, मग दुसरा. तुमच्या भाषेत सांगतो. अभ्यासक्रम बदलला की जुन्या अभ्यासक्रमाची नापास मुलं उरतात आणि बोर्ड त्यांच्यासाठी एक-दोन परीक्षा जुना पेपर काढतं. तुम्ही एकदा शाळेच्या चाचणीसाठी एका मुलाकरता जुन्या भूमितीचा अख्खा पेपर काढला होता. आई ही गोष्ट अभिमानाने सांगते. (मुलगा परीक्षेला आला नाही, हे ती सांगत नाही. ते मामींनी सांगितलं.) तर जुना पेपर किती वर्षं काढायचा, एवढाच आमचा प्रश्न होता. धनसिंगचं मत स्वच्छ होतं. ज्यांनी भाषा बनवली त्यांनीच तीन-आठला सोडलं, तर तिला कडेवर घेऊन फिरणारे आपण कोण? मला त्याचं म्हणणं पटत होतं. तरी मी म्हणालो, आधी विचारू या. कोणीतरी वापरत असेल.

विचारलं. ‘उतारा’ वापरणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे, एकेचाळीस जणांचा. मी लिहिलं की आपल्यापैकी कोणी तीन-आठ वापरतं का, आणि ती बंद केली तर चालेल का? एका वाक्यात दोन प्रश्न. तुम्ही वर्गात याचे मार्क कापले असते. उत्तरादाखल नऊ अंगठे आले, एक गुलाबाचं फूल आणि सुप्रभात, आणि पारोळ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं की निवडणुकीचं पत्रक किती वेळात उतरवून मिळेल. नऊ अंगठे कोणत्या प्रश्नाला, हे मी विचारलं नाही. मला जे उत्तर हवं होतं त्याला ते आहेत असं मी धरलं. पुढे कळलं, त्यातला एक अंगठा पहिल्या प्रश्नाचा होता. हो, आम्ही वापरतो, असं म्हणणारा. तो अंगठा चाळीसगावचा होता.

तरीही एकदम बंद करणं बरं नव्हे, म्हणून आम्ही ठरवलं की आधी सूचना द्यायची. जो कोणी तीन-आठवर ‘उतारा’ चालवील त्याच्यापुढे एक वाक्य यावं, मग सहा महिन्यांनी बंद. ही सूचना लिहिण्याचं काम मी मागून घेतलं. दोन दिवस लावले. पहिला मसुदा उद्धट झाला, दुसरा सरकारी. तिसरा असा: ‘आपण वापरत असलेली पायथन ३.८ ही आवृत्ती जुनी झाली असून एप्रिलपासून उतारा तीवर चालणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व, परंतु कृपया वेळेत नवी घ्यावी.’ धनसिंग म्हणाला, ‘परंतु’ कशाला? मी म्हणालो, परंतुशिवाय ते वाक्य पडतं. यावर आमचं अर्धा तास चाललं. ते वाक्य कुठे उमटणार यावर अर्धा मिनिटही नाही.

चूक इथे आहे, नाना, आणि ती माझी एकट्याची आहे. प्रोग्रॅमला बोलायला दोन वाटा असतात. एक कामाची. उतरवलेला मजकूर तिथून बाहेर पडतो. दुसरी तक्रारीची. सूचना, इशारे, कुरकुर तिकडून जायला हवी. मी ते वाक्य कामाच्या वाटेवर सोडलं. आपल्या संगणकावर बसून पाहिलं तर दोन्ही वाटा एकाच पडद्यावर येतात, फरक दिसत नाही. मला वाक्य दिसलं, ‘परंतु’ जिथल्या तिथे होतं, मी समाधानाने उठलो. पण जो माणूस मजकूर थेट फाईलमध्ये भरतो, त्याच्या फाईलची पहिली ओळ आता माझं वाक्य झाली होती आणि त्याचा सगळा मजकूर एकेक ओळ खाली सरकला होता.

आता चाळीसगाव. आपल्या घरातली प्रत्येक पत्रिका अमीनचाचांच्या छापखान्यात छापायची, हा नियम तुम्ही तिथल्या शाळेत होतात तेव्हाचा आहे. जळगावात गल्लोगल्ली छापखाने असताना आण्णांनी तो पाळला, तुमच्यासाठीच पाळला, हे इथे नोंदवून ठेवतो. अमीनचाचांचं पान लावायचं सॉफ्टवेअर पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. ते चालायला संगणकाच्या पाठीला एक लॉक लावावं लागतं, काडेपेटीएवढं. ते लॉक बसेल अशी खाच नव्या संगणकांना नसते. म्हणून संगणक जुना, म्हणून विंडोज जुनी, आणि त्या विंडोजवर पायथन तीन-आठच्या पुढे चढत नाही. त्यांची मुलगी अफिफा (तुम्ही तिला फ्रॉकमध्ये पाहिली असेल, आता ती स्पर्धा परीक्षा देते) हिने तीन वर्षांपूर्वी वडिलांना एक सोय करून दिली. पत्रिकेच्या तळाशी सहा चौकटी. आशीर्वाद, निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, किलबिल, आजोळ. गिऱ्हाईक मोबाईलवरून सहा ओळी पाठवतं, ‘उतारा’ त्या जुन्या अक्षरांत आणतो, पहिली ओळ पहिल्या चौकटीत जाते, दुसरी दुसऱ्या. अमीनचाचांना फक्त एक बटण दाबायचं असतं. अफिफाने दिवाळीत ‘उतारा’ची नवी प्रत चढवली, कारण मीच गटावर कळवलं होतं की सर्वांनी चढवावी. आणि आपली पत्रिका लावली त्या दिवशी ती परीक्षेसाठी नाशिकला होती.

अमीनचाचांनी बटण दाबलं. आशीर्वादाच्या चौकटीत ओळभर प्रश्नचिन्हं उमटली. (माझं वाक्य नव्या मराठीत होतं. जुन्या सॉफ्टवेअरला ते वाचता येईना. दोन दिवसांच्या मेहनतीचं हे एवढंच दिसलं.) त्यांना वाटलं, मोबाईलवरून काहीतरी फुलंबिलं आली असतील. त्यांनी प्रश्नचिन्हं पुसली. आशीर्वादाची चौकट रिकामी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तिथे स्वतःच्या हाताने आपल्या कुलस्वामिनीचं नाव टाकलं. आपली कुलस्वामिनी त्यांना आपल्या तीन पत्रिकांपासून पाठ आहे. पुढचं सगळं एकेक घर सरकलं होतं. आजी निमंत्रक झाली. आण्णा आणि आई विनीत झाले. काका व्यवस्थापक झाले. व्यवस्थापक म्हणून ज्याचं नाव होतं तो धनसिंग, वय चौतीस, वजन ब्याण्णव, किलबिलमध्ये गेला आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ असं म्हणू लागला. किलबिलमधली काकांची तीन नातवंडं, त्यांतलं एक अजून रांगतं आहे, ती आजोळच्या चौकटीत येऊन बसली. आणि सहावी ओळ, म्हणजे तुमचं जीवराम हे नाव, मामी आणि तुमचं सगळं घर, तिला सातवी चौकट नव्हती. ती कुठेच गेली नाही. ती छापली गेली नाही, इतकंच.

तुम्ही विचाराल, घरात कोणी वाचलं नाही का? वाचलं. छापण्याआधी नमुना मोबाईलवर आला होता, तो घरभर फिरला. पण पत्रिका आपल्याकडे कशी वाचतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकाने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आपलं नाव शोधलं, ते आहे आणि बरोबर आहे असं पाहिलं, आणि फोन पुढच्याकडे दिला. काकांनी आपल्या नावामागचं ‘माजी सरपंच’ तपासलं. मी माझं नाव पाहिलं. आजीला मी तिचं नाव वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मन्हं नाव शे ना? मंग बठ्ठं बराबर शे.’ तिच्यापुरतं सगळं बरोबर होतं. (ती निमंत्रक झाली हे तिला आता कळलं आहे. चूक सुधारायला तिचा विरोध आहे. ऐंशी वर्षांत आपल्याला कोणी निमंत्रक केलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.) सहाशे पत्रिका वाटल्या. साक्री, अमळनेर, फैजपूर, सुरतपर्यंत. धनसिंगला त्याच्या बायकोने तीन दिवस किलबिल म्हणून हाक मारली. त्याने ही चूक मला सांगितली नाही, कारण त्याला वाटलं ही मीच केलेली थट्टा आहे. चुकलेल्या पत्रिकेतल्या प्रत्येकाला आपलं नाव सापडलं होतं, म्हणून प्रत्येकाला ती बरोबर वाटली. एकच माणूस असा होता ज्याला ती चूक दिसणार होती, आणि तो म्हणजे जो तीत नव्हता.

तुमचा फोन आल्यावर आण्णांनी अमीनचाचांना फोन केला. काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी चाळीसगावला गेलो. अमीनचाचा टेबलावर पत्रिका ठेवून बसले होते, दुकान उघडं आणि यंत्र बंद. मला पाहून म्हणाले, ‘बैठ बेटा. हात से शिशाचे खिळे जोडले तेव्हा कधी एक नाव चुकलं नाही. मास्तरांचंच जायला पाहिजे होतं?’ मला तोपर्यंत खरंच काही माहीत नव्हतं. अफिफा नाशिकहून आली होती. तिने ती फाईल मोबाईलवर घेतली, उघडली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. परंतुपर्यंत आली आणि थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘ललितभाई, ये तो आपका मराठी है ना? असं दुसरं कोणी लिहीत नाही.’ मी हो म्हणालो. मग तिने मला विचारलं, एप्रिलपासून चालणार नाही म्हणजे काय? अब्बूंनी काय करायचं? मी म्हणालो, नवीन संगणक. ती म्हणाली, आणि लॉक? मी संगणकाच्या पाठीमागे पाहिलं. गटावर मी विचारलं होतं, असं मी म्हणालो नाही. तिचा अंगठा मला आठवला.

अमीनचाचांना सगळं समजल्यावर ते रागावतील असं मला वाटलं. ते माझी समजूत घालू लागले. म्हणाले, घरी सांगू नको, छापखान्याची चूक म्हण. छापखान्याला लोक नेहमीच बोलतात, नवरीच्या भावाला लग्नाच्या तोंडावर कशाला? चहा प्यालो आणि निघालो.

परत येताना गाडीत माझ्या मनात तुमचं नाव आणि तीन-आठ यांची सारखी अदलाबदल होत होती. आम्ही बसून ठरवलं होतं की तीन-आठ कोणी वापरत नाही, कारण कोणी ओरडलं नाही. पण ज्याचं चाललेलं असतं तो ओरडत नाही. तो बटण दाबतो आणि चहा घेतो. त्याला आमच्या गटात काय चाललं आहे याच्याशी कर्तव्य नसतं. तो वापरतो हे कळायची वेळ येते ती त्याचं बंद पडल्यावर. म्हणजे काढून टाकणं हाच आमचा विचारण्याचा मार्ग होता. धनसिंगचा हिशेब चूक नव्हता, नाना. सगळ्यांना कायम सांभाळता येत नाही. रविवार मोजकेच असतात. भाषा बनवणारेही पाच वर्षांनी हात सोडतात आणि ते दुष्ट नाहीत. पण ते आधी वर्ष सांगतात, महिना सांगतात, आणि तो पाळतात. मी दोन दिवस शब्द निवडले आणि तो निरोप ज्याला द्यायचा तो माणूस कोण हे पाहायला गेलो नाही. चाळीसगाव काही लांब नाही. एकेचाळीस जणांपैकी तिसाहून अधिक जळगाव-धुळ्यातले आहेत. एका हिवाळ्यात सगळ्यांच्या दुकानात जाऊन येता आलं असतं, आणि चहाही मिळाला असता.

रविवारी धनसिंगशी बोललो. तो आधी म्हणाला, एका माणसासाठी? मी म्हणालो, होय. तो म्हणाला, उद्या दुसरा एक माणूस निघेल. मी म्हणालो, निघेल. मग आम्ही असं ठरवलं. तीन-आठसाठी ‘उतारा’ची एक वेगळी प्रत बाजूला काढायची. तिच्यात नवीन काही घालायचं नाही, पण मोडलं तर दुरुस्त करायचं, आणि ते काम माझं. मुख्य प्रोग्रॅम तीन-आठला सोडून पुढे जाईल. यापुढे कोणतीही आवृत्ती सोडायची तर ती वापरणाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन सांगायचं, आणि त्याने दुसरं काय करावं हेही तिथेच बसून सांगायचं. हे नीट लिहून प्रोग्रॅमच्या पानावर लावलं आहे. त्या पानावर धनसिंगने एक ओळ वाढवली: ‘ललित जिवंत असेपर्यंत.’ मी ती ठेवली. तसंच ते सूचनेचं वाक्य तक्रारीच्या वाटेवर हलवलं. ‘परंतु’ काढून टाकलं आहे.

तर नाना, तुमचं नाव असं पडलं. त्यात मान नव्हता, अपमान नव्हता, आण्णांचा तुमच्यावरचा जुना राग नव्हता (तुम्ही मामींना तसं म्हणालात असं कळलं, आण्णांना इतकं खोल काही जमत नाही). एक ओळ वाढली आणि एक ओळ पडली. मी एवढं लांब लिहिलं याचं कारण मला तुम्ही माफ करावं असं नाही. माफ नंतर करा, नाही केलं तरी चालेल. पण तीस तारखेला सकाळी दिपमाला खोलीतून बाहेर येईल तेव्हा तिच्या हाताला तुमचा हात असावा. आई दारात उभी राहून रस्त्याकडे पाहणार आहे. ती कोणाची वाट पाहते हे ती सांगणार नाही आणि तिला कोणी विचारणारही नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या. पत्राला उत्तर लिहू नका, उत्तर म्हणून या.

तुमचा भाचा,
ललित

ता.क. सोबत पत्रिका पाठवली आहे. हीत सगळी नावं आपापल्या चौकटीत आहेत आणि आजोळ सगळ्यांत वर आहे. अफिफाने स्वतः लावली. कृपया ही धुळ्यातल्या कोणाला दाखवू नका. अशी एकच छापली आहे. (धनसिंग म्हणाला, एका माणसासाठी वेगळी आवृत्ती काढायची तुला सवयच लागली.)

ता.क. २. खरं काम राहिलंच. घरात अजून सगळे ही चूक छापखान्याची समजतात. मी सांगितलेलं नाही. रोज जेवताना सांगायचं ठरवतो, आणि आण्णा भाजी वाढून घेतात. इकडे अमीनचाचांनी निरोप पाठवला आहे की ज्या पत्रिकेपायी मुलीचा मामा रुसला, त्या लग्नात ती छापणाऱ्याने जेवायला कोणत्या तोंडाने यावं? आपल्या घरच्या तीन लग्नांत ते पहिल्या पंगतीला होते. माझं ते ऐकत नाहीत. आण्णा बोलवणार नाहीत. म्हणून विनंती अशी, की तुम्ही पारोळा-एरंडोलच्या बसने सरळ जळगावला येऊ नये. धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसावं, छापखान्यात जावं, अमीनचाचांना उठवावं आणि दोघांनी मिळून जळगावची गाडी धरावी. वाट दुपटीची आहे, गुडघा आहे, हे मला कळतं. तुम्ही दोघं एकदम मांडवात आलात तर चूक कोणाची हे आण्णा विचारतील आणि मला सर्वांसमोर सांगावं लागेल. एरवी मी सांगेन याची मला खात्री नाही.

ता.क. ३. अमीनचाचांना मी कालच कळवलं आहे की शनिवारी, एकोणतीसला, सकाळच्या गाडीने मास्तर तुम्हाला न्यायला येत आहेत. त्यांनी विचारलं, हे मास्तर स्वतः म्हणाले का? मी हो म्हणालो. अफिफा सांगत होती, त्यांनी शेरवानी इस्त्रीला दिली आहे.